टेलरकाकूंचा पाय

"आणि माझा पाय? तो कुठं गेला यातला?"

डॉक्टरीणबाईंनी कंपवातावरच्या त्या जाड मासिकातला लेख नुकताच टेलरकाकूंना अर्थासकट वाचून दाखवला होता. लेख काकूंच्या नवऱ्यावरच होता. त्यात सगळं होतं, फक्त काकू नव्हत्या.

आता काकू म्हणजे गल्लीतल्या नावाजलेल्या थापाड्या, बरं का! त्यांच्या थापांत मांजर शिलाई मशीन चालवायचं आणि एका सदऱ्यात तीन जावई मावायचे. त्यामुळे खरं सांगायची वेळ आली तेव्हा झाली ना पंचाईत!

कंपवातामुळे काका दारापर्यंत आले की जागीच खिळायचे. पाय जमिनीला टीप मारून शिवल्यासारखे. मग काकू आपला पाय आडवा टाकायच्या. "ओलांडा बघू. लागला तर चहा बंद!" की काका टुणकन पलीकडे! दवाखान्यात आडवी काठी ठेवली, रंगीत पट्टी चिकटवली, नर्सनं स्वतःचा पाय ठेवला. काका ढिम्म. त्यांना काकूंचाच पाय लागायचा.

"आता नवऱ्यालाही थापेत ओढलंस का गं?" शेजारीण हसायची.

"डॉक्टर लोकांच्या मासिकात छापून येऊ दे, मग बोल!"

छापून यायला वेळ लागला. काकांना तेवढा धीर निघाला नाही.

"मी लिहिलं होतं हो, काकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण छापायच्या आधी दुसरे डॉक्टर लेख तपासतात. ते म्हणाले, पुन्हा करून दाखवा, नाहीतर ते वाक्य काढा. आणि तोवर काका..."

"मग ठेवलं काय?"

"'अडथळा ओलांडताना रुग्णाला चालता येतं.' एवढंच."

"अडथळा!" काकू पोट धरून हसल्या. "जन्मभर हेच म्हणायचे मला." मग पदरानं डोळे पुसले. हसूनही पाणी येतंच की.

गल्लीत शेजारीण टपलेलीच. "आला का पाय छापून?"

"आला तर! अख्खं पान. रंगीत. नखांसकट!"

"दाखव की मग."

"आधी चहा."

काकूंनी चहा केला. सवयीनं तीन कप भरले. दोन घेऊन बाहेरच्या दाराशी आल्या, आतल्या खोलीकडे तोंड वळवलं आणि त्यांचा पाय आपसूक आडवा गेला. तशाच उभ्या राहिल्या. कपांवरची वाफ विरली.

शेजारीण आत यायला निघाली होती. तिनं तो पाय पाहिला.

ती काही हसली नाही. पाय न ओलांडता बाहेर पायरीवरच बसली.

"असू दे," ती म्हणाली. "मी इथंच घेते."