मागच्या बाजूने रंगवलेली मुलगी

"अहो, आ करा. एवढा एकच घास. करा बघू आ."

आजोबांनी ओठ आणखी घट्ट मिटले. चमच्यातलं सूप ओठांच्या कडेने हनुवटीवर ओघळलं आणि तिथून गळ्याशी लावलेल्या टॉवेलवर. आजीने टॉवेलच्याच कोपऱ्याने ते पुसलं आणि चमचा पुन्हा वाटीत बुडवला. माणूस तोंडाला कुलूप लावून बसला होता आणि किल्ली कुठे ठेवली ते त्याचं त्यालाच आठवत नव्हतं.

"तुम्ही जा," आजोबा म्हणाले. "आमच्या घरची माणसं येतील आता."

"मीच आहे की घरची माणसं."

"तुम्ही नाही."

गेले काही महिने ते तिला असंच तुम्ही म्हणत होते. कुणी परकी बाई चुकून खोलीत आली असावी, तिला दुखवू नये पण बाहेर तर काढावं, अशा बेताने. आजीला त्याचीही सवय झाली होती. तुम्ही म्हणतात तर म्हणोत, पण जेवत होते तोवर ठीक होतं. परवापासून जेवणही थांबलं. परवा पाणी तरी प्यायले. कालपासून ओला कापूस ओठांवर फिरवावा लागत होता.

सकाळी डॉक्टरीणबाई येऊन गेली होती. तरुण होती, पण आडवळणाने बोलत नसे.

"मी संध्याकाळी परत येते, आजी. तोवर एवढी वाटी पोटात गेली तर आपण थांबू. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल."

"आणि हात?"

डॉक्टरीणबाईने बॅगेची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. "नळी उपसून काढतात ना ते. मागच्या वेळी काढलीच होती. बांधावे लागतील."

मागच्या वेळी हॉस्पिटलात आजीने ते पाहिलं होतं. मनगटांना बँडेजच्या पट्ट्या, पट्ट्यांच्या गाठी पलंगाच्या दांड्याला. आजोबा झोपेत होते, पण बांधलेल्या उजव्या हाताची बोटं हलत होती. अंगठा आणि पहिली दोन बोटं जुळत होती, सुटत होती, पुन्हा जुळत होती. पेन्सिल धरल्यासारखी. जन्मभर ज्या हाताने चित्रं काढली, हजारो चित्रं, एकेका पावलासाठी आणि पापणीच्या एकेका उघडझापीसाठी, तो हात गुराच्या पायासारखा बांधून ठेवलेला. आजी तिथेच रडली होती, भर वॉर्डात, लोक बघत असताना. त्यांना घरी आणलं तेव्हा तिने मनाशी ठरवलं होतं की हे पुन्हा होऊ द्यायचं नाही. काय वाटेल ते होवो, पण हात बांधायचे नाहीत.

दुपारी लेकीचा फोन आला. लेक दूरच्या शहरात होती आणि तिथून रोज उंटावरून शेळ्या हाकायची.

"आई, जबरदस्ती करू नकोस गं त्यांच्यावर. प्रेमाने भरव."

"प्रेमाने म्हणजे कसं ते सांग. सूप तेच, चमचा तोच."

"चिडतेस काय! बाबा तुझ्याच हातून खातील. सिनेमातली हिरॉइन आहेस तू त्यांची."

"बरं," आजी म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या सिनेमाची ही कथा घरात फार जुनी होती. आजोबा कार्टून सिनेमांच्या स्टुडिओत चित्रकार होते आणि आजी त्याच स्टुडिओत रंग भरायची. त्या काळी सगळं हातानेच चालायचं. एका सिनेमात एक प्रेमगीत होतं. वरच्या मजल्यावर राहणारी, शिवणकाम करणारी एक मुलगी, आणि खाली रस्त्यावरून पाव विकत जाणारा एक तरुण. मुलगी खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली सोडते, तो त्यात पाव ठेवतो, ती टोपली वर ओढून घेते. एवढंच. सिनेमा कधीच विसरला गेला, गाणं मात्र टिकलं. आणि गाण्यातली मुलगी म्हणजे हुबेहूब आजी, हे घरातल्या पोरांना दुधाच्या दातांपासून ठाऊक होतं.

संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता तेव्हा नात कॉलेजातून आली. लेकीची मुलगी, शिकायला इथे राहायची. तिला त्या गाण्यावरच वर्गात बोलायचं होतं. लॅपटॉप घेऊन ती आजोबांच्या पायाशी पलंगावर मांडी घालून बसली.

"आजी, ऐक ना. मी काय म्हणणार आहे ते बरोबर आहे का सांग. तू होतीस ना तिथे."

"मला काय कळतंय त्यातलं? मी रंग भरले."

"तरी ऐक. पहिल्यांदा टोपली खाली येते तेव्हा तिच्यात तिने शिवून दिलेला त्याचा सदरा असतो. म्हणजे नुसता व्यवहार. दुसऱ्यांदा ती फूल ठेवते. आता टोपली म्हणजे तिचं मन. दोरी म्हणजे त्या दोघांमधलं अंतर, पण तीच त्यांना जोडतेही. हो की नाही? आणि तिचा झगा बघ, दर वेळी पिवळा रंग थोडा गडद होतो."

पिवळ्या रंगाची बाटली मध्येच संपली होती आणि दुसरी जरा गडद निघाली होती. आजीला ते आठवलं. पण पोरगी इतकी रंगून सांगत होती आणि तिचं म्हणणं ऐकायला इतकं छान वाटत होतं की आजीने मान डोलावली.

"आणि सगळ्यात भारी म्हणजे तिचा हात. सुई, फूल, दोरी, सगळं ती डाव्या हाताने धरते. डावी बाजू हृदयाची! आजोबांनी किती विचार केला असेल बघ."

आजी वाटीवर झाकण ठेवायला म्हणून उठली आणि पुन्हा बसली.

नातीने गाणं लावलं आणि सगळ्यांना दिसेल असा लॅपटॉप वळवला.

रंग भरायचं काम उलट बाजूने चालायचं. पारदर्शक कागदावर एका बाजूने चित्रकाराच्या चित्रावरून गिरवलेली काळी रेघ, आणि कागद पालथा घालून मागच्या बाजूने रंग. म्हणजे रेघ बिघडत नाही. रेघा ओढणारी वेगळी, रंग भरणारी वेगळी. स्टुडिओत त्यांना नावंच पडली होती, रेघवाली आणि रंगवाली. रंगवाली म्हणजे ही. लग्नाला नुकतं वर्ष झालेलं, पोटात लेक. महिनोन्महिने तिने त्या मुलीत रंग भरला. पालथ्या कागदावरची मुलगी तिच्यासारखीच उजव्या हाताने दोरी ओढायची. कागद पालथा आहे हे तिला कळत नव्हतं असं नाही, पण उलट बाजूने काम करणाऱ्याला उलटंच सुलट वाटायला लागतं. त्यात कॅमेरावाला येता-जाता चिडवायचा, "वहिनी, बसल्या जागी हिरॉइन झालात की!" नवरा चित्रकार, बायको शेजारच्या खोलीत, मग चित्रातली बाई दुसरी कोण असणार? सगळे हसायचे. नवराही हसायचा. हो म्हणायचा नाही, नाही म्हणायचा नाही. ती घरी जाऊन आरशात मान तशी वळवून बघायची आणि स्वतःशीच लाजायची.

सिनेमा तयार झाल्यावर स्टुडिओतल्या सगळ्यांना एकत्र दाखवला. अंधारात ती नवऱ्याशेजारी बसली होती. गाणं सुरू झालं, खिडकी उघडली, आणि मुलीने डाव्या हाताने दोरी सोडली. तिला वाटलं, फिल्म उलटी लागली. सांगायला म्हणून ती नवऱ्याकडे वळलीसुद्धा. पण पडद्यावर पावाच्या दुकानाची पाटी सुलट वाचता येत होती. आणि पडद्याच्या उजेडात नवऱ्याचा चेहरा दिसत होता. असा चेहरा तिने घरी कधी पाहिला नव्हता. ती पुन्हा समोर बघायला लागली.

रेघवाली डावखुरी होती. शेजारणीला कोपर लागतं म्हणून तिला टेबलाच्या टोकाशी बसवलेलं असायचं, आणि मधल्या बोटावर कायम शाईचा डाग. सिनेमा पुरा व्हायच्या आधीच ती नोकरी सोडून कुठेतरी निघून गेली होती. तिच्या टेबलाशी नवरा चित्रं घेऊन उभा असायचा, तो कामासाठीच उभा असायचा. आजीने त्याहून वेगळं काही कधी पाहिलं नाही, आणि पाहिलं नाही म्हणजे नव्हतंच असं मानायला ती कुक्कुलं बाळही नव्हती. विचारलं मात्र कधीच नाही. नवरा वेळेवर घरी यायचा, आवाज चढवायचा नाही, आजारपणात उशाशी बसायचा. भांडायचं कशावरून? एका चित्रावरून? पुढे पोरं मोठी झाली, 'आमची आई सिनेमातली' म्हणून मिरवायला लागली, तेव्हाही ती गप्प राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण काळजात त्या अंधाऱ्या हॉलमध्ये जे काही तुटलं होतं, ते पुन्हा सांधलं नाही.

"बघ, आता शेवटची टोपली," नात म्हणाली.

शेवटी पाववाल्याकडे ठेवायला काही नसतं. तो टोपलीत नुसता हात ठेवतो, काढून घेतो आणि निघून जातो. मुलगी टोपली वर ओढते, आत बघते, हसते आणि खिडकी लावते.

"एवढंच मला कळत नाही," नात म्हणाली. "रिकामी टोपली बघून ती का हसते?"

तेवढ्यात आजोबांनी मान उचलली. कित्येक दिवसांत त्यांनी आपणहून मान उचलली नव्हती. डोळे पडद्यावरच्या हातावर होते.

"आलीस?" ते म्हणाले.

ओठ सुटले होते. तसेच उघडे राहिले.

"आजी!" नात ओरडलीच. "तुला म्हणाले! अगं, ओळखलं त्यांनी तुला!"

आजी उठली. वाटी घेतली आणि "सूप गरम करून आणते" म्हणून स्वयंपाकघरात गेली.

सूप गॅसवर ठेवलं. दुसऱ्या वाटीत पाणी घेतलं आणि चमचा डाव्या हातात धरला. पहिला चमचा ओट्यावर सांडला. दुसरा मनगटावर. म्हातारा हात, त्यातून डावा. झाकण उचलण्यापलीकडे त्याच्याकडून तिने कधी काम घेतलं नव्हतं. तिला एकदम संताप आला. नवऱ्याचा, त्या रेघवालीचा, आणि आपण या वयात ओट्याशी उभं राहून हे काय करतोय, त्याचाही. मरू दे, असंही मनात आलं. मग ती बँडेजची गाठ डोळ्यांपुढे आली. तिने वाटीत पुन्हा पाणी भरलं आणि चमचा उचलला. सूप उकळेपर्यंत ती तेच करत राहिली.

खोलीत परत आली तेव्हा नात फोनवर आईला बातमी द्यायला बाहेर गेली होती. लॅपटॉप मिटलेला होता. आजीने खुर्ची उचलून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. बसली. चमचा डाव्या हातात घेतला.

आजोबांनी चमच्याकडे पाहिलं नाही. हाताकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग आपला हात पुढे करून त्यांनी तिचं मधलं बोट धरलं आणि अंगठ्याने ते चोळलं.

"शाई कुठे गेली?"

आजीने बोट सोडवून घेतलं नाही.

"धुतली," ती म्हणाली.

आजोबांनी तोंड उघडलं.

पहिला घास निम्मा सांडला. त्यांनी तक्रार केली नाही. दुसरा गेला, तिसरा गेला. ते खात होते आणि हसऱ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होते. हाच तो चेहरा, पडद्याच्या उजेडातला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याकडे वळला होता. आजीने खाली बघून चमचा भरला.

"आजी?" नात दारात उभी होती. "तू डावखुरी आहेस?"

आजीने डाव्या हातानेच चमचा पुन्हा भरला.

"हो."

"मग कधी बोलली नाहीस ती! आणि मी आपली हृदय-बिदय लावत बसले." पोरीला आनंद आवरत नव्हता. "म्हणजे ती खरंच तूच. मग आता तूच सांग ना, रिकामी टोपली बघून का हसतेस?"

"हसत नाही गं ती," आजी म्हणाली. "तिला तसं काढलंय."

नातीला ते फार आवडलं. "हे मी असंच्या असं सांगणार हं," म्हणत ती लिहून घ्यायला आपल्या खोलीत पळाली.

खाली फाटकाचा आवाज झाला. डॉक्टरीणबाई जिना चढत होती. वाटीचा तळ दिसायला लागला होता. आजीचा डावा खांदा ठणकत होता आणि हात इतका भरून आला होता की चमचा तोंडापर्यंत नेताना कोपराला आधार द्यावासा वाटत होता. उजवा हात मांडीवर मोकळाच होता. मघाशी चुकून तो टॉवेलकडे गेला तेव्हा आजोबांच्या कपाळाला आठी पडली होती.

तिने उजवा हात टॉवेलखाली सारला आणि शेवटचा घास डाव्या हाताने भरला.