बर्फाच्या कप्प्यातली इंजेक्शनं

मित्रांनो, मी एक जुना, एका दाराचा फ्रीज आहे. मुदखेडला सरस्वतीबाईंच्या स्वयंपाकघरात उभा असतो. आज मला माझा गुन्हा कबूल करायचा आहे.

गल्लीतला पहिला फ्रीज मीच. लग्न असो की मयत, बर्फ माझाच जायचा. "लई कडक बर्फ जमतो याचा," ही तारीफ ऐकून मी चांगलाच फुगलो होतो.

शेजारचे ज्ञानोबा गवंडी. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून दोनदा नांदेडला डायलिसिस सुरू झालं. अशा माणसाच्या अंगात रक्त नीट तयार होत नाही, त्यासाठी इंजेक्शनं घ्यावी लागतात. बायको नागुबाई स्वतःची किडनी देणार होत्या. तपासण्या जुळल्या होत्या. तोवर ज्ञानोबांनी तग धरायचा होता.

नागुबाईंकडे फ्रीज नव्हता. त्या महिन्याची इंजेक्शनं घेऊन आमच्याकडे आल्या. सरस्वतीबाईंनी माझा बर्फाचा कप्पा धुऊनपुसून रिकामा केला. "औषध हाय बाई, सगळ्यात गार जागी ठिव," त्या मायेनं म्हणाल्या. मीही जीव तोडून गोठवलं. सकाळी बाहेर काढलेलं इंजेक्शन टोचायच्या वेळेपर्यंत वितळायचं आणि पाण्यासारखं स्वच्छ दिसायचं. कुणाला शंका येणार?

चार महिने ज्ञानोबांचं रक्त वाढेना. डॉक्टरांनी डोस वाढवला, तरी तेच. डायलिसिस केंद्रात तेव्हा फार्मासिस्टची जागा रिकामी होती. खिडकीतून खोकं मिळायचं, विचारपूस कुणी करत नसे. गल्लीच्या तोंडापर्यंत जाताना ज्ञानोबा तीनदा खाली बसत. शेवटी त्यांना दुसऱ्यांचं रक्त चढवावं लागलं, एकदा नाही, चारदा.

मग विशाखा फार्मासिस्ट म्हणून रुजू झाली. ज्ञानोबांचे कागद चाळून तिनं पहिल्याच दिवशी नागुबाईंना विचारलं, "मावशी, इंजेक्शन घरी कुठं ठेवता?"

"बर्फात ठिवतो की मॅडम. दगडावानी होतंय बघा."

विशाखानं हातातले कागद खाली ठेवले. "गोठलं की हे औषध वाया जातं, मावशी. ते नुसतं गार ठेवायचं असतं."

त्याच संध्याकाळी ती मुदखेडला आमच्या घरी आली आणि तिनं माझा मधला कप्पा दाखवला. अंगात लोह किती आहे तेही तपासायला डॉक्टरांना सुचवलं. तीन महिन्यांत ज्ञानोबा न थांबता स्टेशनापर्यंत चालू लागले.

पण किडनीसाठी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा जुळेना. चढवलेल्या परक्या रक्ताशी लढायला ज्ञानोबांच्या शरीरात प्रतिकारद्रव्यं तयार झाली होती, त्यामुळे ते आता नागुबाईंची किडनी स्वीकारणार नव्हतं. नागुबाई अहवाल घेऊन माझ्यासमोर बसल्या.

"चार महिने कुणी इचारलं बी न्हाई," एवढंच म्हणाल्या. सरस्वतीबाई पदर तोंडाला लावून रडल्या.

मित्रांनो, मला माझी चीड येते आणि फार्मासिस्टच्या त्या रिकाम्या खुर्चीची त्याहून जास्त येते. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. औषध कुठं आणि कसं ठेवायचं हे विचारल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. ज्ञानोबा अजून आठवड्यातून दोनदा नांदेडला जातात. सोबत नागुबाई असतात, आपल्या दोन्ही किडन्या घेऊन.