नखाएवढ्या माणसाचा रस्ता

मी एक जुना लाकडी माणूस आहे. माझी उंची तुमच्या करंगळीच्या नखाएवढी. हसू नका मित्रांनो, मी अख्खं शहर पायाखाली घातलं आहे, आणि तेही एका आखूड पायाने!

माझा जन्म नगररचना कार्यालयाच्या मागच्या खोलीतला. तिथे एक सुतारकाका नव्या रस्त्यांची, इमारतींची छोटी मॉडेलं बनवत. पुठ्ठ्याची घरं, स्पंजची झाडं आणि काडीतून कोरलेली माणसं. मला कोरताना काकांचा हात जरा घसरला आणि माझा एक पाय आखूड राहिला. माझे भाऊ चौकाचौकांत रुबाबात उभे राहिले. मी मात्र टाचण्यांच्या डबीत जाऊन पडलो.

तिथून मला उचललं बाईंनी. बाई वास्तुरचनाकार होत्या. शहरात कुठून रस्ता जाईल, कुठे बाग होईल, हे त्या आखत.

"काका, हा लंगडा मला द्या."

"अहो, तो धड उभाही राहत नाही!"

"राहू दे. माझे वडील असेच चालतात."

तेव्हापासून बाई मला प्रत्येक मॉडेलमधून फिरवू लागल्या. बाकीचे सगळे टेबलाशी उभे राहून वरून बघत, आणि वरून सगळंच छान दिसतं. बाई मात्र गुडघ्यांवर बसत आणि टेबलाला हनुवटी टेकवून माझ्या उंचीवरून बघत.

"बाई, काही हरवलंय का?" सहकारी चेष्टा करत.

"सावली हरवलीय. बाजारापासून शाळेपर्यंत एक झाड नाही," बाई म्हणत आणि लगेच पेन्सिलीने झाडं काढायला घेत. मला त्यांचा फार अभिमान वाटे.

मग दवाखान्यासमोर नवा रुंद रस्ता करायचं ठरलं. पलीकडे बसथांबा, मध्ये सलग लोखंडी कठडा आणि ओलांडायला लांब टोकाला जिन्याचा पूल. बाईंनी परोपरीने सांगितलं, की आजारी माणसांना हे जमणार नाही. "गाड्या अडतील," एवढंच उत्तर मिळालं. मंजुरीच्या शेवटच्या बैठकीत बाईंनी मला दवाखान्याच्या दारात ठेवलं.

"साहेब, याला जरा बसपर्यंत पोचवता का?"

मोठ्या साहेबांनी मला बोटाने सरळ पुढे ढकललं. मी कठड्यावर आपटलो.

"तिथून वाट नाही, साहेब. पुलावरून न्या."

साहेबांनी मला पुलाकडे नेलं. पहिल्याच पायरीवर मी आडवा झालो. त्यांनी उभं केलं, मी पुन्हा आडवा झालो. कुणीतरी खुसकन हसलं. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी मला उचलून पुन्हा दवाखान्याच्या दारात ठेवलं.

"आमच्या आईलाही नाही जमायचं हे," ते हळूच म्हणाले. "कठडा इथे तोडा. सिग्नल बसवा. आणि मध्ये टेकायला बाक ठेवा, एका दमात नाही होत तिच्याने."

त्या दिवशी मी आनंदाने फुलून गेलो. एरवी पडलो की लोक मला डबीत टाकत. त्या दिवशी मात्र माझं पडणंच कामी आलं.

पुढे मॉडेलं संगणकावर बनू लागली आणि काकांची खोली बंद झाली. बाई निवृत्त होताना मला घेऊन गेल्या. मी आता त्यांच्या चष्म्याच्या डबीत राहतो. जागा अंधारी आहे, पण उबदार आहे. माझी तक्रार नाही.

गेल्या आठवड्यात बाई गुडघे दाखवायला त्याच दवाखान्यात गेल्या. परत येताना अर्धा रस्ता झाला आणि सिग्नल बदलला. बाई काठी टेकत मधल्या बाकावर बसल्या. दोन्ही बाजूंनी गाड्या धावत होत्या. त्यांनी डबी उघडून मला तळहातावर घेतलं.

"बस रे जरा," त्या म्हणाल्या. "आपल्यासाठीच केलाय हा बाक."

मित्रांनो, तुम्ही चित्रात रस्ता काढाल, तेव्हा गाड्या मागाहून काढा. आधी सावकाश चालणारं एक माणूस काढा, आणि त्याला टेकायला जागा ठेवा. तुमच्यातलंच कुणीतरी एक दिवस तिथे बसणार आहे.