सुपामागचा डाग

मुलाचे घर पाहावयास मी स्वतः जाते. आमच्या कुटुंबातील पाच मुली माझ्या शब्दावर दिल्या गेल्या आणि पाचही सुखात आहेत. सहावी भैरवी, माझी नात. अनिमेष तिला पसंत होता, मुलाकडच्यांनाही ती पसंत होती. उरला होता केवळ माझा होकार, आणि तो मी वणीला त्यांचे घर पाहिल्याशिवाय देणार नव्हते.

चैत्रातल्या एका रविवारी माझा मुलगा यज्ञेश्वर आणि मी यवतमाळहून निघालो. वणीच्या घराच्या दारात अनिमेष, त्याची आई मंजुषाबाई आणि बहीण मिताली उभे होते. वडील दिसले नाहीत.

"हे बोरी अरबला गेले," मंजुषाबाई घाईने म्हणाल्या. "शेतात तुरीचं काम निघालं अचानक."

तूर माघातच घरात येते. चैत्रात तुरीचे कोणते काम निघते, हे मी विचारले नाही. पाहुणीने पहिल्या पाच मिनिटांत काही विचारू नये, पाहत राहावे.

बैठकीची खोली सुरेख होती, हे मान्य केले पाहिजे. न इस्त्री केलेल्या जाड सुती कापडाची आच्छादने, कोपऱ्यात पितळी घागर, तीत कापसाच्या बोंडांसह वाळलेल्या पऱ्हाटीच्या फांद्या. तिपाईवर अर्धवट उघडे पुस्तक, त्यावर चष्मा, जणू कोणी आत्ताच वाचता वाचता उठून गेले असावे. भिंतीवर तीन सुपे, एक जरा खाली, एक जरा वर.

"छान मांडली आहेस," मी मितालीला म्हणाले.

"मांडलं असं काही नाही, आजी. सहजच आहे सगळं."

सहज! माझ्या साठ वर्षांच्या संसारात कोणतीही वस्तू सहज शोभली नाही. शोभेल अशा जागी ती कोणीतरी ठेवावी लागते. मी खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवले. वणीत सकाळी पुसलेला कठडा दुपारी कोळसाखाणींच्या धुळीने काळा होतो. माझे बोट काळे झाले. घागरीतली बोंडे मात्र दुधासारखी पांढरी होती. म्हणजे घागर आज सकाळी मांडलेली, फार तर काल रात्री. मी चष्मा उचलून डोळ्यांना लावला. काचांना नंबरच नव्हता.

"आई, बसा ना," यज्ञेश्वर हलकेच म्हणाला. त्याला माझी ही नजर ठाऊक आहे आणि तिची भीतीही वाटते.

"बसते. आधी पाहून घेते."

खालचे सूप मला खटकत होते. भिंतीवर शोभेसाठी लावलेली वस्तू डोळ्यांच्या उंचीवर असते. हे बसलेल्या माणसाच्या डोक्याइतके खाली होते. मी ते खिळ्यावरून काढले.

"आजी, ते राहू द्या!" मिताली पुढे धावली.

सुपामागे ताटलीएवढा तेलकट डाग होता. भिंतीला नवा पिवळा रंग दिला होता. परंतु तेलावर रंग धरत नाही, डाग पुन्हा वर आला होता. त्याच्याखाली बसण्यासारखे काहीच नव्हते, फक्त रोपांची एक अरुंद मांडणी होती.

"इथे वर्षानुवर्षे डोके टेकवून कोण बसते?" मी विचारले.

मंजुषाबाईंनी मितालीकडे पाहिले, मितालीने भावाकडे. अनिमेष उभा राहिला.

"बाबा," तो म्हणाला.

"तुरीला गेलेले?"

"शेजारी आहेत. धावजी काकांकडे. मीच पाठवलं. त्यांची खाटही मीच मागच्या खोलीत नेली." त्याने माझ्या हातातले सूप घेतले. "राजूरच्या खाणीत तीस वर्षं होते ते. खोकला आहे, थुंकदाणी लागते. मागचं स्थळ त्यांना पाहूनच परत गेलं. भैरवीच्या बाबतीत मला ते नको होतं."

"बोलावून आणा."

अनिमेषचे वडील वामनराव आले ते अंगात नुसती बंडी घालून, खांद्यावर दुपट्टा आणि हातात थुंकदाणी. आल्या आल्या मनसोक्त खोकले.

"झालं का खोली पाहनं? मी म्हटलं, आता धावजीकडंच मुक्काम करा लागते का काय! पोट्टी म्हने, बाबा, तुमी बसले त खोली दिसत नाही. म्हटलं, बापा, मी काय एवढा लठ्ठ हाओ?"

यज्ञेश्वरला हसू आवरले नाही. मला आवरले.

"अनिमेष," मी म्हणाले, "उद्या माझ्या नातीचे काही शोभेनासे झाले, तर तिला कोणत्या शेजाऱ्याकडे पाठवाल?"

त्याची नजर भिंतीवरच्या डागाकडे गेली. तयार उत्तर आले असते तर मी तत्क्षणी उठले असते.

"कायले पोराले झोडपता बाई?" वामनराव मध्ये पडले. "त्याच्या मनात खोट नाही. घाबरला तो."

"घाबरून माणूस काय करतो, तेच पाहायला मी आले आहे."

मंजुषाबाईंनी शिऱ्याची बशी पुढे केली.

"गोड नको. चहा घेईन. होकार आज देत नाही."

अनिमेषचा चेहरा उतरला.

"नकारही देत नाही," मी म्हणाले. "पुढल्या रविवारी तुम्ही सर्वांनी आमच्याकडे यावे. वामनरावांना अनिमेषने स्वतः आणायचे. आमच्याकडे पंधरा-वीस माणसे असतील, वकील, प्राध्यापक, सगळे. त्यांच्यादेखत हा आपल्या वडिलांना कुठे बसवतो, ते भैरवी पाहील. मग तीच बोलेल. मी बोलणार नाही."

"आनि मी खोकललो त?" वामनरावांनी विचारले.

"खोका."

"थुंकदानी संग आनू?"

"आणा," मी म्हणाले. "मात्र ती धरील अनिमेष."