वीस तासांचा सराव

महादेव सावे यांनी दोन्ही पत्रे शेजारी शेजारी ठेवून तिसऱ्यांदा वाचली आणि चष्मा काढून डोळे चोळले. पहिले पत्र पंप देणाऱ्या परदेशी संस्थेचे होते: प्रमाणपत्र असलेला चालक मिळाल्याखेरीज पंप सुरू करता येणार नाही. दुसरे प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचे, तीही परदेशीच: त्याच पंपावर वीस तासांचा सराव झाल्याखेरीज प्रमाणपत्र देता येणार नाही. शेवटी दोघींनी भागीदारीबद्दल एकमेकींचे आभार मानले होते.

तंत्रनिकेतनाची पदविका आणि पाणीपुरवठ्यातली पस्तीस वर्षे गाठीशी असलेल्या महादेवांना निवृत्तीनंतर डहाणूतल्या मसोलीच्या घरी स्वस्थ बसवेना, म्हणून त्यांनी या प्रकल्पाचे सल्लागारपद घेतले होते. अच्छाडच्या अलीकडच्या एका पाड्यावर सौरपंप बसून अडीच महिने झाले होते. टाकी कोरडीच होती, आणि ओहोळातला झिरा आता दोन हंडे भरले की गढूळ होत होता.

सर्वांत जड गोष्ट अशी, की मूळ अट त्यांचीच होती. संयुक्त बैठकीत पंपाशेजारच्या पाटीवर कोणाचे बोधचिन्ह डावीकडे असावे यावर दोन्ही बाजूंनी अख्खी सकाळ घालवली होती. जेवणाआधी काहीतरी ठरावे म्हणून महादेवांनी इतिवृत्तात एक कलम घातले: प्रमाणपत्राशिवाय कोणीही नियंत्रणपेटी उघडू नये. नोकरीत त्यांनी एका वायरमनचा जळालेला तळहात पाहिला होता. कलम दोघींनाही एकदम पटले. मात्र नवा चालक शिकणार कसा, हे लिहायचे महादेवांकडून राहून गेले.

दुसऱ्या दिवशी ते पाड्यावर पोचले तेव्हा चालक म्हणून निवडलेली बारकी पंपापाशीच उभी होती. डहाणूचे सहा दिवसांचे प्रशिक्षण तिने पुरे केले होते. तिला वाचता येत नसे, पण पेटीवरचा कोणता दिवा काय सांगतो हे ती न चुकता सांगे. तिचा दीर शुक्रा सावलीत टेकला होता.

"पाटी मात्र झकास झाली, सायब," तो म्हणाला. "आलंगेलं माणूस तीच बघून तहान भागवतंय."

बारकी हसली नाही. "तुमचा कागद भिजंल म्हणून पाणी काढत नाय का?"

महादेवांनी दोन्ही पत्रांतला मजकूर तिला सावकाश समजावला. तिने सगळे ऐकून घेतले.

"ते वीस तास मोजणार कोण?"

"मीच."

"मंग मोजा की."

ते ओट्यावर बसले. वीस तास नुसते लिहून टाका, असे प्रशिक्षण संस्थेच्या दिल्लीच्या कार्यालयातल्या गृहस्थांनी फोनवर सुचवून झाले होते. दोन्ही संस्थांचे समाधान झाले असते. पण पंपाला हातही न लावलेल्या बाईच्या नावावर वीस तास लिहायचे, म्हणजे तो जळालेला तळहात आपणच तिला द्यायचा. त्यापेक्षा कलम मोडलेले बरे. त्यांनी पिशवीतून पेटीची चावी काढली, बारकीला रबरी हातमोजे घालायला लावले आणि पेटी तिलाच उघडू दिली. पाणी आधी तांबडे आले, मग स्वच्छ. दोन तासांनी त्यांनी वहीत तिचे नाव, वेळ आणि दाब लिहिला. खाली लिहिले: कलम मोडून सराव, जबाबदारी माझी. त्या पानाचा फोटो त्यांनी दोन्ही संस्थांना पाठवला.

तो दिवस धरून पाच दिवस ते डहाणूहून एसटीने आणि पुढे रिक्षाने येत राहिले. गुडघा सुजला. पाचव्या संध्याकाळी पत्र आले, दोन्ही संस्थांच्या सहीचे. नियमभंगामुळे आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे. चावी आठ दिवसांत प्रतिनिधीकडे जमा करावी. झालेल्या तासांबद्दल त्यात अवाक्षर नव्हते.

सकाळी त्यांनी बारकीला ते सांगितले.

"म्हंजे तुमाला काढला?"

"काढलं."

"आन मला?"

"तुमचं नाव पत्रात नाही, बारकीबाई."

महादेवांनी मनाशी हिशेब केला: दहा तास उरले होते, रोज दोन, म्हणजे पाच दिवस. त्यांनी दोन ओळींचे उत्तर पाठवले, की आदेशाप्रमाणे चावी आठव्या दिवशी जमा करण्यात येईल. बारकीने तोवर हातमोजे चढवले होते. ते गुडघा सांभाळत ओट्यावर टेकले आणि त्यांनी अकराव्या तासाची वेळ लिहायला घेतली.