हीटसिंकमधला धूप

कॉम्प्युटर तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा सुदर्शनने शिवीसुद्धा दिली नाही. नोकरी गेल्यापासून शिव्या, भूक आणि पेपरातलं शब्दकोडं या तिन्हींवरून त्याचं मन उडालं होतं. अकराला मुलाखत होती, घरबसल्या, कॅमेऱ्यासमोर. इतक्या अर्जांनंतर आलेलं हे पहिलंच बोलावणं. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा, अशा तयारीत तो बसला होता.

मशीन पुन्हा चालू करून त्याने प्रोसेसरचं तापमान पाहिलं. सत्त्याण्णव. घरच्या थर्मामीटरवर ही तब्येत ठणठणीत ठरली असती. इथे मामला सेल्सिअसचा होता.

त्याने बुद्धभूषणला फोन लावला. दोघे एके काळी एकाच कंपनीत. बुद्धभूषणने राजीनामा देऊन नारायण पेठेत दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा सुदर्शनने त्याला वेड्यात काढलं होतं.

"पंखा फिरतोय का?" बुद्धभूषणने विचारलं.

"फिरतोय. विमान उडेल एवढा आवाज आहे."

"मग हवा आत शिरत नसणार. मशीन बंद कर, वायर काढ, बाजूचं झाकण उघड. पंखा काढ, पण खालचं हीटसिंक, ती धातूची पाती, उचकटू नकोस. उचकटलंस तर प्रोसेसरवर नवी पेस्ट लावावी लागेल."

"टूथपेस्ट चालते असं कुठंतरी वाचलं होतं."

"चालेल की. आधी त्याला दात आलेत का बघ."

पंखा निघाला. हीटसिंकच्या ज्या पात्यांमधून वारा खेळायचा, तिथे तपकिरी, चिकट थर बसला होता, सारवल्यासारखा. सुदर्शनने बोट फिरवून वास घेतला.

गुगुळ.

बिबवेवाडीच्या वन बीएचकेत देवघर आणि कॉम्प्युटर एकमेकांचे सख्खे शेजारी होते. नोकरी गेली त्याच आठवड्यात नम्रताला कुणीतरी सांगितलं होतं, की गुगुळाच्या धुपाने अडलेली कामं मार्गी लागतात. तेव्हापासून दोन्ही वेळा धूप. देवाला दाखवून झाला की नवऱ्याचे अर्ज ज्यातून जायचे त्या यंत्राभोवतीही ती धुपाटणं मनोभावे ओवाळायची. यंत्रानेही प्रसाद कधी नाकारला नव्हता. पंखा सगळा आत ओढत होता.

"सापडलं का काही?" फोनमधून बुद्धभूषण.

नम्रता चहा घेऊन दारात उभी होती.

"धूळ आहे," सुदर्शन म्हणाला आणि फोन ठेवला.

"अहो, धूळ कशी असेल? मी रोज पुसते."

"रस्त्याची गं. खिडकीतून येते."

"तरी मला वाटलंच होतं, नजर लागलीय म्हणून. संध्याकाळी जरा जास्त धूप फिरवते."

"फिरव," तो म्हणाला.

दाढीचा जुना ब्रश आणि आगकाडी घेऊन त्याने पातं न् पातं खरवडलं. पंखा बसवला, मशीन चालू केलं. आकडा अठ्ठावन्नवर येऊन थांबला. आपल्याला आनंद व्हायला हवा, हे त्याच्या लक्षात आलं.

अकराला त्याने हेडफोन चढवले. नम्रताने कुकरचा गॅस बंद केला, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, आणि आतल्या बाजूला फटीपाशी स्टुलावर बसली.

पडद्यावर उत्कर्षा नावाची मुलगी आली. सुदर्शनने आपल्या कामाचं सांगायला सुरुवात केली. ती ऐकत होती, पण डोळे दुसऱ्याच कुठल्यातरी खिडकीत होते.

"सर, तुमचं प्रोफाइल खूपच सीनियर आहे," ती मध्येच म्हणाली. "आमची टीम यंग आहे. म्हणजे... यू विल गेट बोअर्ड, सर. आम्ही कळवतो हं. ऑल द बेस्ट."

चौकट काळी झाली. एवढ्या वेळात सकाळचा कॉम्प्युटरसुद्धा तापला नसता.

दाराच्या फटीतून नम्रताचं पाऊल दिसत होतं. ते हलत नव्हतं.

सुदर्शनने हेडफोन काढले नाहीत.

"येस, ॲब्सोल्यूटली," तो काळ्या चौकटीला म्हणाला. थोडा थांबला, समोरून कुणी बोलत असल्यासारखी मान हलवली. "नाही, नाही, प्रवासाला माझी काहीच हरकत नाही."

मग त्याने आपली टीम कशी उभी केली ते सांगितलं. माणसं कशी निवडली, कुणाला काय शिकवलं, एक सर्व्हर ऐन दिवाळीत बसला तेव्हा सगळ्यांनी मिळून तो कसा उठवला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा आवाज मोकळा लागला होता. पडद्याच्या कोपऱ्यात अठ्ठावन्नचा आकडा जागचा हलला नाही.

"दॅट्स अ गुड क्वेश्चन," तो हसून म्हणाला, आणि उत्तर द्यायला खुर्चीत जरा पुढे सरकला.