पगाराचे मूळ आणि सेक्टर बावीसचा नाका

शब्दाचं मूळ सापडलं की माणूस निर्भय होतो, असं श्यामकांत अभ्यंकरांचं ठाम मत होतं. पोलिसांच्या नाक्यावर हात वर करून उभं राहिल्यावर ते मत त्यांना आठवेना.

साल अठ्ठ्याऐंशी, उत्तरेतलं शहर, अतिरेक्यांच्या धास्तीचे दिवस. सातला कर्फ्यू लागणार होता आणि सहा चाळीस झाले होते. सातनंतर जो नाक्यावर सापडेल, त्याची रात्र ठाण्यात. घरी प्रतिमाबाई एकट्या. नवरा सहाला दिसला नाही तर त्या गॅलरीत जात, साडेसहानंतर देवापुढे.

डब्याच्या पिशवीत हवालदाराला एक पाकीट सापडलं होतं. वर ‘गोपनीय’ असा शिक्का, मागे बाणांनी जोडलेली गावं.

"पुर्तगाल. गोवा. कोंकण. मुंबई," हवालदाराने वाचलं. "माल क्या है?"

"शब्द है जी. पगार. मतलब तनख्वाह."

मग श्यामकांतांनी सगळं सांगितलं. रविवारी महाराष्ट्र मंडळात त्यांचं भाषण होतं. ‘पगार’ हा शब्द पोर्तुगिजांनी आणला, तो कसा कसा आला, त्याचं हे टिपण. बावीस वर्षं केंद्र सरकारात कारकुनी केलेला माणूस भाषणासाठी कोरा कागद वापरत नाही. पाकिटात पूर्वी वॉटर कूलरच्या दुरुस्तीचं पत्र होतं. ते गोपनीय का होतं, हे त्यांनाही कधी कळलं नव्हतं.

सब-इन्स्पेक्टरचे डोळे जागरणाने लाल झाले होते. "और तनख्वाह कहाँ से आई?"

ही परीक्षा की कुतूहल, ते कळेना. श्यामकांतांनी हात वर ठेवूनच उत्तर दिलं. फारसीतून. तन म्हणजे शरीर, ख्वाह म्हणजे चाहणं. शरीराला जे हवं, ते.

हवालदाराने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. "तन तो सोना चाहता है, साहब."

सब-इन्स्पेक्टर हसला. पाकीट परत पिशवीत गेलं. "हाथ नीचे करो जी. बारह मिनट हैं, भागो."

श्यामकांत सेहेचाळिसाव्या वर्षी धावले. कडी वाजवायच्या आत दार उघडलं. प्रतिमाबाईंनी आधी त्यांना आत ओढलं. पिशवी घेतली, पाणी दिलं आणि नाक्यावरची हकीकत ऐकता ऐकता पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. आठवडाभरात पहिल्यांदाच.

"म्हणजे भाषण रंगलं म्हणायचं."

"दोनच श्रोते होते. पण मधेच उठून कुणी गेलं नाही."

रविवारी कर्फ्यू उठला नाही, भाषण रद्द झालं. त्या महिन्याचा पगार कर्फ्यूपायी आठवडाभर उशिरा, सात तारखेला झाला.